उत्तेजक द्रव्यं, चाचणी आणि बंदी: खेळाडू, पालक आणि वस्तादांचे नेहमीचे प्रश्न

डोपिंगची बातमी आली की दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, ‘सगळेच घेतात, हा सापडला’. दुसरी, ‘पोराला अडकवलं’. खरं काय ते या दोन वाक्यांत क्वचितच मावतं. खालचे प्रश्न तालमीत, ट्रॅकवर आणि मुलांना मैदानावर सोडायला आलेल्या पालकांत सतत चर्चेला येतात. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

डोपिंग म्हणजे बंदी असलेलं औषध घेणं, एवढंच ना?

नाही. २०२१ च्या जागतिक डोपिंगविरोधी संहितेत नियमभंगाचे अकरा प्रकार दिलेत. लघवीत किंवा रक्तात औषध सापडणं हा त्यातला फक्त पहिला. चाचणीला नकार देणं, नमुन्यात गडबड करणं, असं औषध जवळ बाळगणं, विकणं, दुसऱ्याला टोचणं, बंदी भोगत असलेल्या प्रशिक्षकाकडे शिकायला जाणं, तक्रार करणाऱ्याला दमदाटी करणं, हेही डोपिंगच. बजरंग पुनियावर २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी आली ती काही सापडलं म्हणून नव्हे, तर सोनीपतच्या निवड चाचणीच्या वेळी त्याने नमुना दिला नाही म्हणून. त्याचं म्हणणं असं, की आधी आपल्याकडे मुदत संपलेले किट पाठवले गेले होते आणि त्याचा खुलासा आधी व्हायला हवा होता. शंका घ्यायला जागा असेलही. पण नियमाच्या दृष्टीने हा हात दाखवून अवलक्षण करण्याचा प्रकार ठरतो. आक्षेप असेल तर नमुना द्यावा आणि फॉर्मवर तो आक्षेप लिहावा.

यादी कोण ठरवतं? ‘वाडा’ आणि ‘नाडा’ यांत फरक काय?

वाडा ही जागतिक संस्था. १९९८ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत फेस्तिना संघाच्या गाडीत औषधांचा साठाच सापडला, त्या गदारोळानंतर १९९९ मध्ये ती स्थापन झाली. मुख्यालय माँट्रियलला. दरवर्षी १ जानेवारीपासून नवी यादी लागू होते. एखादा पदार्थ साधारणपणे तीन निकषांपैकी दोन लागू पडले की यादीत जातो: कामगिरी वाढवतो, प्रकृतीला धोका आहे, खेळाच्या वृत्तीला धरून नाही. नाडा ही आपली राष्ट्रीय संस्था. २००५ मध्ये स्थापन झाली, चाचण्या २००९ पासून करते, आणि २०२२ च्या कायद्याने तिला छापे आणि जप्तीचे अधिकार मिळाले. नमुने तपासणारी दिल्लीची प्रयोगशाळा वेगळी. तिची मान्यता ऑगस्ट २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळात वाडाने स्थगित केली होती आणि आपले नमुने परदेशी पाठवावे लागत होते.

हे घेऊन शरीरात नेमकं होतं काय?

औषधागणिक वेगळं होतं. आपल्याकडे सगळ्यालाच ‘स्टेरॉईड’ म्हणायची सवय आहे, ती आधी सोडायला हवी.

ॲनाबॉलिक स्टेरॉईड म्हणजे टेस्टोस्टेरॉनची भावंडं: स्टॅनोझोलॉल, मेथँडिएनोन, नँड्रोलोन. यांनी स्नायू भरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे थकवा लवकर भरून निघतो, त्यामुळे दिवसात दोनदा जीव तोडून सराव करता येतो. लोकांना वाटतं गोळी खाल्ली की ताकद आली. तसं नसतं, घाम गाळावाच लागतो, फक्त जास्त गाळता येतो. किंमत यकृत आणि हृदय चुकवतं. पुरुषांत अंडकोष आक्रसतात, छातीला गाठी येतात. मुलींचा आवाज घोगरा होतो, मिशा फुटतात, पाळी बिघडते. घोगरा झालेला आवाज औषध सोडल्यावरही पूर्ववत होईल याची खात्री नसते.

ईपीओ हे मुळात मूत्रपिंडाच्या रुग्णांचं, डायलिसिसवर असलेल्यांचं रक्त वाढवायचं औषध. तांबड्या पेशी वाढल्या की प्राणवायू जास्त वाहून नेला जातो, म्हणून सायकलपटू आणि लांब पल्ल्याचे धावपटू त्यामागे लागतात. रक्त दाट होतं आणि गुठळीचा धोका वाढतो.

उत्तेजकं, म्हणजे ॲम्फेटामाइनच्या जातीची औषधं, दम लागल्याची जाणीवच मारतात. १९६७ मध्ये इंग्लंडचा सायकलपटू टॉम सिम्प्सन फ्रान्समधल्या माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर, रणरणत्या उन्हात कोसळला आणि गेला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन आणि मद्य सापडलं. शरीर ‘थांब’ म्हणत होतं ते त्याला ऐकूच आलं नाही.

उरली लघवी वाढवणारी औषधं. त्यांनी ताकद येत नाही. पण नमुना पातळ होतो, दुसरं औषध लपतं आणि वजन उतरतं. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग अशा वजनी गटाच्या खेळांत ही सापडतात ती याच कारणाने.

आमच्याकडे जिममध्ये मेफेंटरमाइनचं इंजेक्शन सर्रास मिळतं. ते तर बीपीचं औषध आहे ना?

आहे. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब कोसळला तर तो सावरायला डॉक्टर ते वापरतात. धडधाकट पोराने टोचलं की नाडी आणि रक्तदाब दोन्ही उसळतात, भूक मरते, झोप उडते, व्यायामाला ‘किक’ मिळते. सवय पटकन लागते आणि मात्रा वाढत जाते. स्पर्धेच्या काळात ते बंदीच्या यादीत आहे. शिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणं हा गुन्हा आहे. बेकायदा साठे पकडल्याच्या बातम्या पुण्यापासून पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांतून येत असतात.

यात चिंता पैलवानांपुरती नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी, सोळाशे मीटरच्या त्या एका धावेसाठी, असलं काहीतरी टोचून घेणारी पोरं आहेत. त्यांना ना कुठला संघ, ना संघाचा डॉक्टर. ओळखीतला कुणीतरी कुपी आणून देतो, तेवढंच.

चाचणी प्रत्यक्षात कशी होते? लाजिरवाणं असतं म्हणतात.

असतं, आणि ते तसं का आहे हेही समजून घ्या. नमुना घेणारा अधिकारी तुम्हाला लेखी सूचना देतो, सही घेतो. त्या क्षणापासून एक माणूस तुमच्याबरोबर सावलीसारखा राहतो. पदक घेणं, दुखापतीवर उपचार, पत्रकारांशी बोलणं यासाठी वेळ मिळतो, पण नजरेआड होता येत नाही. स्वच्छतागृहात तुमच्याच लिंगाचा अधिकारी समोर उभा राहतो. कपडे छातीपर्यंत वर आणि मांडीच्या मध्यापर्यंत खाली. लोकांनी दुसऱ्याची लघवी पिशवीत भरून, नळी लावून आणल्याचे प्रकार झालेत, म्हणून हा नियम आहे.

किमान ९० मिलिलीटर लागते. वजन उतरवून कोरडा पडलेला पैलवान दोन-दोन तास बसून राहतो आणि मग घटाघटा पाणी पितो. पण लघवी फार पातळ झाली तर यंत्र तो नमुना नाकारतं आणि पुन्हा थांबावं लागतं. सीलबंद किट तुम्ही स्वतः निवडायचं, बाटल्या तुम्हीच भरायच्या आणि तुम्हीच बंद करायच्या. एक ‘अ’, एक ‘ब’. बाटल्यांवरचे आणि फॉर्मवरचे आकडे जुळतात का ते स्वतः वाचा. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं फॉर्मवर लिहायची असतात. बरेच जण घाईत ही जागा कोरी सोडतात आणि पुढे पस्तावतात. प्रत मागून घ्या आणि घरी जपून ठेवा. खेळाडू अल्पवयीन असेल तर मोठं माणूस बरोबर असू द्यावं.

‘अ’ नमुन्यात काही सापडलं तर तुम्ही ‘ब’ उघडायला सांगू शकता आणि त्या वेळी हजर राहू शकता. खर्च साधारणपणे खेळाडूच्याच खिशातून जातो.

पहाटे घरी येऊन चाचणी घेतात हे खरं?

खरं. वरच्या स्तरावरच्या ठरावीक खेळाडूंना रोजचा ठावठिकाणा आधी कळवावा लागतो. शिवाय पहाटे ५ ते रात्री ११ यांमधला एक तास असा द्यावा लागतो, की त्या वेळी तुम्ही त्या जागी सापडलंच पाहिजे. बारा महिन्यांत तीनदा चूक झाली, मग ती माहिती न भरल्याची असो वा जागेवर न सापडल्याची, तर दोन वर्षांपर्यंत बंदी. मोबाइलमध्ये ॲप आहे, पण ते भरायचं काम बऱ्याच ठिकाणी खेळाडू ‘सरांवर’ सोडतात. सर विसरले तरी चूक खेळाडूच्याच नावावर पडते.

एवढा कडेकोट बंदोबस्त असून लोक सुटतात कसे?

मुख्य वाटा तीन आहेत. प्रत्येक वाट गाजलेल्या प्रकरणांतूनच कळली आहे.

पहिली वाट म्हणजे वेळेचा हिशेब. लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ सलग सात वेळा टूर द फ्रान्स जिंकली आणि वर्षानुवर्षं ‘माझ्या इतक्या चाचण्या झाल्या’ हेच सांगत राहिला. त्याच्या संघात ईपीओ थोड्या थोड्या मात्रेत थेट शिरेत घेत, म्हणजे सकाळपर्यंत माग उरत नसे. तपासनीस आल्याची कुणकुण लागली की रक्त पातळ करायला सलाईन. त्याला कुठल्या यंत्राने पकडलं नाही. अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेने २०१२ मध्ये सव्वीस जणांच्या साक्षी गोळा केल्या, त्यांत अकरा त्याचे जुने संघसहकारी होते. तेव्हा कुठे तो सापडला.

दुसरी वाट, असं औषध बनवायचं जे कुणी शोधतच नाही. कॅलिफोर्नियातल्या बाल्को कंपनीच्या जाळ्यातून मिळणारं टीएचजी हे स्टेरॉईड चाचणीत दिसत नव्हतं, कारण त्याची खूण प्रयोगशाळेला माहीतच नव्हती. २००३ मध्ये एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज तपासनिसांकडे पाठवली आणि तिच्या तळाशी उरलेल्या थेंबावरून रेणू उलगडला. धावपटू मॅरियन जोन्सने सिडनी ऑलिंपिकची पाच पदकं परत केली ती या मालिकेत.

तिसरी वाट सरकारच पाठीशी असण्याची. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये रशियाच्या प्रयोगशाळेच्या भिंतीला एक भोक होतं. रात्री त्यातून खेळाडूंच्या सीलबंद बाटल्या पलीकडच्या खोलीत जात. गुप्तचर खात्याची माणसं न उघडणारी म्हणून नावाजलेली झाकणं उघडत, आत महिन्यांपूर्वी साठवलेली स्वच्छ लघवी भरली जाई आणि सकाळच्या आत बाटली जागेवर. पण खेळाडूने दिलेल्या मूळ नमुन्याची घनता फॉर्मवर नोंदलेली असते. ती जुळवायला त्यांनी लघवीत मीठ घातलं. नंतर तपासलं तेव्हा काही बाटल्यांत इतकं मीठ निघालं की जिवंत माणसाच्या शरीरातून ते येणं शक्यच नव्हतं. प्रयोगशाळेचा प्रमुख ग्रिगोरी रोडचेन्कोव्ह याने अमेरिकेत पळून जाऊन हे सगळं सांगितलं. वाडाने करवून घेतलेल्या चौकशीच्या २०१६ च्या मॅक्लॅरेन अहवालाने तीसहून अधिक खेळांतल्या हजारभर खेळाडूंचा संबंध त्या यंत्रणेशी जोडला.

यावर उतारा म्हणून दोन गोष्टी आल्या. नमुने दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवतात आणि नवी पद्धत निघाली की पुन्हा तपासतात. बीजिंग २००८ च्या १५०० मीटरचं बहरीनच्या रशीद रामझीचं सुवर्ण असंच नंतर गेलं. दुसरी गोष्ट म्हणजे ‘पासपोर्ट’: खेळाडूच्या रक्ताचे आकडे वर्षानुवर्षं नोंदवायचे. औषध नाही सापडलं तरी त्याचा परिणाम आलेखात दिसतो.

‘मला माहीतच नव्हतं’ म्हटलं तर सुटका होते का?

क्वचित. मूळ तत्त्व असं, की तुमच्या शरीरात जे आहे त्याला तुम्ही जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, हे प्रश्न नंतरचे. त्यांनी शिक्षा कमी होऊ शकते, गुन्हा पुसला जात नाही.

विरारचा पृथ्वी शॉ घ्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेत नमुना दिला, त्यात टर्ब्युटालिन निघालं. खोकल्याच्या औषधात ते आपल्याकडे सर्रास असतं. मुद्दाम घेतलं नाही हे क्रिकेट मंडळाने मानलं, तरी आठ महिने गेलेच. शेन वॉर्न २००३ च्या विश्वचषकाच्या तोंडावर दक्षिण आफ्रिकेतून घरी परतला आणि वर्षभर बाहेर बसला. आईने दिलेली लघवी वाढवणारी गोळी बारीक दिसण्यासाठी घेतली, असं त्याचं म्हणणं होतं. रशियाची पंधरा वर्षांची स्केटर कमिला वालिएवा हिच्या वतीने सांगितलं गेलं, की आजोबांच्या हृदयाच्या औषधाशी संपर्क आला असावा. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने तिला चार वर्षं बाहेर ठेवलं. तिच्या भोवतालच्या मोठ्या माणसांचं काय झालं, हे विचारायला गेलं तर उत्तर फारसं समाधानकारक नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचं सर्वांत दुबळं अंग हेच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी असं नेहमी होत नाही, पण संन्याशाला आधी आणि चोराला जमलं तर, असं मात्र होतं.

नरसिंग यादवचं नक्की काय झालं होतं?

हा प्रश्न महाराष्ट्रात आजही निघतो आणि अजूनही आवाज चढतात. म्हणून जरा सविस्तर.

नरसिंग मुंबईत वाढलेला, २०११, २०१२, २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१५ च्या लास वेगास जागतिक स्पर्धेत ७४ किलोत कांस्य जिंकून त्याने भारताला रिओ ऑलिंपिकमधली जागा (कोटा) मिळवून दिली. सुशील कुमारने निवड चाचणी मागितली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, निकाल नरसिंगच्या बाजूने लागला. आणि मग जून २०१६ च्या अखेरीस सोनीपतला घेतलेल्या नमुन्यात मेथँडिएनोन निघालं.

त्याचं म्हणणं होतं, की आपल्या खाण्यापिण्यात मुद्दाम मिसळलं गेलं. नाडाच्या समितीने ते मान्य करून १ ऑगस्टला त्याला मोकळं केलं. वाडाने अपील केलं. रिओतच लवादापुढे सुनावणी झाली आणि १८ ऑगस्टला, त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली.

लवादाला घातपाताची कथा का पटली नाही? मुख्य मुद्दा मात्रेचा होता. नमुन्यात सापडलेलं प्रमाण बघता पेयात भुकटी टाकण्यापेक्षा गोळी गिळल्याची शक्यता जास्त, असं तज्ज्ञाचं मत होतं. आणि मिसळल्याचा ठोस पुरावा खेळाडूच्या बाजूने आला नाही. लक्षात घ्या, लवादाने ‘घातपात झाला नाही’ असं सिद्ध केलेलं नाही. त्यांच्यापुढे प्रश्नच वेगळा होता: घातपात झाला हे नरसिंगने सिद्ध केलं का? सिद्ध करायचं ओझं खेळाडूवर असतं. दिल्लीतल्या समितीने सहानुभूतीने बघितलं, रिओतल्या लवादाने आकडे बघितले. गल्लीतल्या वादात हा फरक नेहमी हरवतो.

प्रोटीन पावडर, आयुर्वेदिक चूर्ण, घरचा खुराक, यात धोका आहे का?

घरचा बदाम, दूध, तूप, अंडी यांत नाही. डब्यातल्या पावडरीत आहे. लेबलवर नाही ते आत निघतं, किंवा असतं पण भलत्याच नावाने छापलेलं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेआधी भारताचे कितीतरी खेळाडू मेथिलहेक्सेनमाइन या उत्तेजकामुळे अडकले, तो व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींतला नेहमीचा भिडू. ज्या मालाच्या प्रत्येक बॅचची स्वतंत्र तपासणी होते तोच घ्यावा, आणि डबा संपला तरी थोडी पावडर आणि बिल जपून ठेवावं. पुढे हाच पुरावा होतो.

‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य विसरा. नाव-गाव नसलेल्या ताकदीच्या चूर्णात सरळ स्टेरॉईड मिसळलेलं असू शकतं. आणि हो, थंडाई चालते, भांगेची चालत नाही. भांगेतला घटक स्पर्धाकाळात बंदी असलेला आहे आणि नेहमी घेणाऱ्याच्या शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. खसखशीमुळेही लघवीत मॉर्फिनचा अंश येऊ शकतो. त्याला मर्यादा ठरवून दिली आहे, तरी स्पर्धेच्या तोंडावर अनारशांचा डबा समोरून उचललेला बरा.

दमा किंवा मधुमेह असलेल्याने खेळायचंच नाही का?

खुशाल खेळा. दम्याचं सॅल्ब्युटामॉल पंपातून ठरलेल्या मर्यादेत चालतं: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि कुठल्याही आठ तासांत ६०० च्या वर नाही. त्याच औषधाची गोळी किंवा सिरप मात्र नको. इन्सुलिन यादीत आहे, पण ज्याला ते लागतंच त्याला उपचारासाठी सवलतीचा अर्ज करता येतो. अर्ज शक्यतो आधी करायचा, रिपोर्टसकट. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं, लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावरचं औषध रशियन हॅकर्सनी २०१६ मध्ये चव्हाट्यावर आणलं, पण तिच्याकडे रीतसर परवानगी होती. त्यामुळे तिच्या पदकांना कुणी हात लावू शकलं नाही.

डोपिंगमध्ये सापडणाऱ्या देशांच्या यादीत भारताचं नाव इतकं वर का असतं?

वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीत भारताच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ मध्ये बंदी असलेले पदार्थ सापडले, म्हणजे ३.८ टक्के. २०२४ मध्ये ७,११३ पैकी २६०. चीनने त्याच वर्षी २४ हजारांहून अधिक नमुने तपासले आणि त्यात ४३ सापडले. चाचण्या वाढवल्या म्हणून जास्त सापडले, हे आपलं सरकारी उत्तर या आकड्यांपुढे टिकत नाही. आपली टक्केवारीच जास्त आहे.

का, याचं माझं उत्तर असं: आपल्याकडे औषध पदकासाठी कमी आणि नोकरीसाठी जास्त घेतलं जातं. रेल्वे, सेनादलं, पोलीस, राज्य शासनाचं खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षण; दहावी-बारावीला बोर्डाचे क्रीडा गुण. शेतकऱ्याच्या पोराला राज्य स्पर्धेतलं एक पदक आयुष्यभराचा पगार मिळवून देऊ शकतं. ऑलिंपिक त्याच्या डोक्यातही नसतं. आणि त्या पातळीवर चाचणी होईल अशी धास्तीही नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाची माणसं पोचल्याची बातमी पसरली आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीला धावायला एकच जण उरला. बाकीचे एकाएकी ‘दुखापतग्रस्त’. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंजांचा खच पडल्याचा व्हिडिओ त्याआधी फिरला होताच.

आपण २०३६ च्या ऑलिंपिकचं यजमानपद मागतो आहोत. यजमानाच्या घरात ही अवस्था आहे.

क्रिकेटपटूंना वेगळा न्याय आहे का?

होता. क्रिकेट मंडळ बरीच वर्षं नाडाला जवळ येऊ देत नव्हतं, ठावठिकाणा कळवण्याचा नियम त्यांना जाचक वाटत होता. ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळाने माघार घेतली.

शिक्षा किती? सगळ्यांना सारखीच का?

स्टेरॉईडसारख्या औषधाला सुरुवातीचं माप चार वर्षं. मुद्दाम घेतलं नाही हे दाखवलं तर दोन. खोकल्याच्या सिरपसारख्या पदार्थांना कमी. आरोप ठेवल्यापासून वीस दिवसांत कबुली देऊन शिक्षा मान्य केली तर चारातलं एक वर्ष सुटतं. सोळा वर्षांखालच्यांना वेगळी, सौम्य मोजपट्टी आहे. बंदीत मान्यताप्राप्त संघटनेच्या कुठल्याही स्पर्धेत उतरता येत नाही, प्रशिक्षक म्हणूनही काम करता येत नाही, आणि शेवटचे दोन महिने सोडले तर संघाबरोबर सरावही नाही.

कागदावर नियम सगळ्यांना सारखा आहे, लढायची ऐपत सारखी नाही. टेनिसपटू यानिक सिनरच्या नमुन्यात २०२४ मध्ये क्लॉस्टेबॉल या स्टेरॉईडचा अंश सापडला. फिजिओने स्वतःच्या कापलेल्या बोटावर ते औषध असलेला फवारा मारला आणि त्याच हाताने मसाज केला, हे त्याच्या वकिलांनी तारीख-वेळेसकट मांडलं. शेवटी तीन महिन्यांवर तडजोड झाली. खुलासा खरा असेलही. पण असाच अंश एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या धावपटूच्या नमुन्यात निघाला, तर परदेशी तज्ज्ञ आणि वकील तो कुठून आणणार? चीनच्या तेवीस जलतरणपटूंच्या २०२१ च्या नमुन्यांचं प्रकरण तर तीन वर्षं जगाला कळलंच नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून औषध अन्नात आलं, हा खुलासा वाडाने तेव्हा मान्य केला होता.

मग सरळ सगळ्यांनाच मोकळीक का देत नाहीत? निदान बरोबरी तरी होईल.

हा प्रयोग होऊन गेलाय. पूर्व जर्मनीत सरकारी योजनेखाली हजारो खेळाडूंना, त्यात शाळकरी मुली होत्या, ‘जीवनसत्त्वं’ म्हणून निळ्या गोळ्या दिल्या जात. हायडी क्रीगर १९८६ मध्ये गोळाफेकीत युरोपची विजेती झाली. किशोरवयापासून तिच्या शरीरात इतकं पुरुषी संप्रेरक ओतलं गेलं, की १९९७ मध्ये शस्त्रक्रिया करून त्यांनी पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली, नाव आंद्रेआस. आपल्या आयुष्याचा निर्णय आपल्याला मोकळेपणी घेऊ दिला गेला नाही, हे त्यांनी जाहीरपणे मांडलं आहे. योजनेच्या प्रमुखांना २००० मध्ये शिक्षा झाली, तीही स्थगित स्वरूपाची. मोकळीक दिली की मात्रा खेळाडू ठरवत नाही, त्याला पोसणारा ठरवतो.

उद्या स्पर्धा आहे आणि मुलीला ताप-खोकला झालाय. काय द्यावं?

साधं पॅरासिटामॉल चालतं. सेटिरिझिनही चालतं. खोकल्याच्या बाटलीवरचे घटक भिंग लावून वाचा: टर्ब्युटालिन असेल तर परत करा, सर्दीच्या गोळीत स्यूडोइफेड्रिन किंवा इफेड्रिन असेल तर तीही. ‘कॉम्बिनेशन’ गोळी मेडिकलवाल्याच्या शब्दावर घेऊ नका. नाडाच्या केवायएम (‘नो युवर मेडिसिन’) ॲपमध्ये औषधाचं नाव टाकून बघता येतं.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मुलगी स्पर्धेत उतरते. कारण आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की सलाईन लावायची पद्धत आहे, आणि बारा तासांत १०० मिलिलीटरपेक्षा जास्त सलाईन नियमाने बंद आहे, आत नुसतं मिठाचं पाणी असलं तरी. रुग्णालयात खरोखर उपचार चालू असतील तर त्याला अपवाद आहे, पण मग केसपेपर, डिस्चार्ज कार्ड सगळं हवं. स्टेरॉईडचं इंजेक्शन देताहेत का तेही विचारा, स्पर्धाकाळात ते कुठेही टोचलेलं चालत नाही. चिठ्ठी आणि औषधाचं वेष्टण फाईलला लावा, आणि चाचणीसाठी नाव आलं तर दिलेलं प्रत्येक औषध फॉर्मवर लिहा.